होळीपर्यंतची हळद

रत्नाकर : …एकही रोप ठेवलं नाही? शाळेची चाळीस पोरं मदतीला बोलावली, अन् अर्ध्या तासात अख्खी बाग साफ!

मालनबाई : पोरायवर काहून ओरडून राहिले, रत्नाकरभाऊ? साहेब येणार, गवत काढा, बाग चकाचक करा, हे तुम्हीच सांगतलं ना त्यायले?

रत्नाकर : गवत म्हटलं होतं मी. भेंडी नव्हे.

विनता : दादाजी, भेंडी तो लंबी-लंबी होती है ना? ये तो बित्ता भर भी नहीं था. हमको लगा सब घास है.

मालनबाई : घ्या. सहावीतल्या पोरीनं भेंडी ताटातच पाहिली, तिचा काय कसूर? नाव काय तुझं, बाई?

विनता : विनता. आजी, आप रो रही हो?

मालनबाई : रोये मेरी जूती! माती गेली डोळ्यात.

रत्नाकर : अहो, चार वाजता वॉर्ड ऑफिसातले श्यामसुंदरसाहेब येणार. त्यांच्या नोटिशीत स्पष्ट लिहिलंय, या जागेवर पीक आहे तोवर आपल्याला मुदत. पीक नसेल तर आजच ताबा, अन् उद्यापासून इथे गाड्यांचं पार्किंग. तीस वर्षं कचेरीत काढली मी, कागद कळतो मला. आता संपलं, मालनबाई.

मालनबाई : तुमचं संपलं असंल. अख्ख्या घमापुराचा मलबा पडला होता इथं. आपण आठ म्हाताऱ्यायनं घमेल्या-घमेल्यानं उपसला. सात वर्षं झाली, माझ्या बोटात अजून काच सलते. तेव्हा कोणता साहेब आला होता पाहाले? किती वाजले?

रत्नाकर : सव्वादोन.

मालनबाई : विनता, चार जणी जा अन् त्या टपरीतल्या खाटेखालचा बोरा ओढून आणा.

विनता : आजी, ये तो अदरक है.

मालनबाई : हळद आहे, बाई. बेणं. माझ्या अंगणात लावाले ठेवलं होतं. कोंब पाहा कसे फुटले.

रत्नाकर : हळद? अहो, तिला नऊ महिने लागतात!

मालनबाई : म्हणूनच तर. होळीच्या आधी कोणाचा बाप काढू शकत नाही.

रत्नाकर : ही बनवाबनवी झाली. आज लावायचं अन् आजच पीक म्हणून दाखवायचं?

मालनबाई : बनवाबनवी कायची? आजच लावली, या पोरायनं लावली, असंच सांगीन साहेबाले. एक अक्षर खोटं नाही. त्यायले नसंल पटत तर पोरायच्या समोर उपटून दाखवावं. स्वतःच्या हातानं. ए पोट्टेहो, जोडे काढा सारे! पायाले माती लागली पाहिजे.

विनता : मॅडम बोलती हैं, जूते मत उतारो.

मालनबाई : मॅडमले म्हणा, तुम्हीही उतरवा. एक वीत सोडून एक गड्डा. कोंब वर. और सुनो, जिसने लगाया वो वहीं बैठेगा.

विनता : कोंब ऐसे?

मालनबाई : हो. आता माती लोट. दाबू नको, श्वास घेऊ दे तिले.

रत्नाकर : माझे गुडघे धड असते तर मीही…

मालनबाई : गुडघ्याचं काय करता? उभ्यानं पाणी घाला. झारी तिथं आहे.

रत्नाकर : नोकरीत असतो तर नसतं केलं असलं काही.

मालनबाई : आता कुठं नोकरी आहे? घाला.

(चाराला पाच मिनिटं कमी. फाटकापाशी जीप थांबते.)

रत्नाकर : आले. मी बोलतो त्यांच्याशी.

मालनबाई : तुम्ही झारी सोडू नका.

रत्नाकर : सरळ इकडेच येताहेत. विनता, ऊठ बेटा, साहेबांना वाट दे.

विनता : नाही उठत.

रत्नाकर : अगं, मालनबाईंसारखं काय बोलतेस, साहेब आहेत ते!

विनता : अंकलजी, पाय तिकडं ठेवा. इथं माझी हळद आहे. होळीपर्यंत नाही निघत.