अंगठा वर की खाली

कल्याणच्या दवाखान्यात अक्षदा मुंग्या येणारा हात मांडीवर घेऊन नंबराची वाट बघत बसलेली. पंख्याच्या वाऱ्याने तिला गुंगी येत होती. शेजारच्या बाकावर एक म्हातारी टेकली होती आणि तिचे यजमान खाली फरशीवर बसून तिच्या पायाचा अंगठा दोन बोटांत धरून होते.

"तुळसा, डोळे मिट. डॉक्टर हेच विचारणार. अंगठा वर आहे की खाली?"

"खाली."

"वर आहे गं."

"डोळे मिटले की मला पायच नसतात. खाडीच्या पाण्यात उताणी तरंगतेय असं वाटतं."

"भीती वाटते?"

"तेव्हा नाही, छान वाटतं. भीती उठताना वाटते. जमीन कुठे लागेल तेच कळत नाही. मोरीत तशीच पडले ना."

"नसांसाठी इंजेक्शनं चालू आहेत, येईल सगळं परत. आता सांग."

"वर."

"बरोबर! आता?"

"खाली."

"आलं की गं तुला!"

"कसलं येतंय? वर नेताना तुम्ही श्वास रोखता, खाली आणताना सोडता. ते ऐकून सांगते."

म्हाताऱ्यांनी ओठ घट्ट मिटून पुन्हा अंगठा हलवला. अक्षदानेही नकळत डोळे मिटून घेतले.

"अहो, आता काहीच ऐकू येईना."

"कानांनी नको. अंगठ्याने सांग."

बराच वेळ नुसता पंखा फिरत राहिला.

"वर नेलात... थांबा, आता खाली आणताय. हळूहळू. आणताय ना?"

अक्षदाने डोळे उघडले. म्हाताऱ्यांचा चेहरा लाल झाला होता.

"अहो, बरोबर की चूक? श्वास तरी घ्या!"

"बरोबर," ते धापा टाकत म्हणाले. अंगठा मात्र त्यांनी सोडला नाही.