हात कुठवर आला?

...म्हणजे आधीच सांगतो, शाळा आठवीत सुटली, काना-मात्रा चुकल्या तं माफ करा, शब्दही साधेच हायत. पण मले सांगा, माणूस भेटला तं आधी काय इचारावं? जेवला का, बरा हायेस का... आमच्या बोरी अरब गावात मले सारे एकच इचारतात, "हात कुठवर आला?"

कापसानं भरलेल्या बैलबंडीवरून पडलो न मी. खाली कापूस असता तं लागलंच नसतं, पण कापूस राहते वर अन् जमीन राहते खाली! उजवं कोपर मोडलं, यवतमाळले ऑपरेशन झालं, प्लेट बसली, अन् हात अर्ध्यातच अडला. मंग डॉक्टरनं स्टेरॉइडच्या गोळ्या देल्या, म्हणे आतली सूज उतरन, व्यायाम करत राहाय, वाकन हळूहळू. आमचा दोस्त बंटी म्हणे, "स्टेरॉइड? पहेलवान होऊन राह्यला का बे? दंड तं तसाच हाये, गालच फुगले तुये." हात कुठवर आला? शर्टाच्या वरच्या गुंडीपर्यंत.

तेवढ्यात रामरावमामानं कळंबचं स्थळ आणलं. कापूसवाल्याले आजकाल पोरगी देते कोण? त्यात हा हात... आई म्हणे, "हात तं येऊनच राह्यला. कायले सांगतं? लांब बाह्याचा शर्ट घाल अन् गप बस." गप बसनं मले चांगलं जमते.

कळंबले पोरगी पाहाले गेलो, अन् निशिगंधानं पोहे आणले. तुम्हाले सांगतो, मी मान वर केली अन्... जाऊ द्या. ती हळूच म्हणे, "लिंबू पिळून देऊ?" मी म्हटलं, नाही. "दुसरे गरम आणू?" नाही. काय सांगू तिले, का हात गुंडीपर्यंतच येते? अन् पाहुण्यायच्या घरी डाव्या हातानं खाऊ कसा? पोहे थिजले, आम्ही उठलो.

महिनाभर निरोप नाही. मंग मामा म्हणे, "पोरीचा बाप दुखावला रे. म्हणे, पोरीनं दोनदा इचारलं, पोरानं बशीले बोट नाही लावलं. नापसंत तं नापसंत, पण सांगाची ही रीत हाय का?"

म्हटलं, "मामा, मले पसंत हाय." एवढ्या जोरात मी जिंदगीत बोललो नसन. मामा तसाच कळंबले गेला, संध्याकाळी आला, चपला काढता काढता म्हणे, "घाटंजीच्या पोरासंग तिची सुपारी फुटली रे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं पोहे केले. लिंबू मीच पिळलं. घास उचलला... गुंडी, गळा, हनुवटी... अन् गेला तोंडात. आई म्हणे, "आला रे!" अन् तशीच उठून चुलीकडे वळली.

अंगणातून बंटी ओरडला, "काय बे, हात कुठवर आला?"

म्हटलं, "आला बापा, तोंडापर्यंत आला. पोहे तेवढे घरचे हायत."