जंगलपट्टीचं बटण

"हॅलो? हिरी का गं?… मी सूर्यकांत गुरुजी, डहाणूच्या एसटी स्टँडवरून."

मुलांनो, असं समजा की तुम्ही या निवृत्त गुरुजींच्या शेजारी भर उन्हात उभे आहात. बाजूला नव्या शिक्षिका रुचिता बाई आहेत, सांगलीहून आलेल्या, एका हातात बॅग, दुसऱ्यात मोबाइल. रानशेतच्या पाड्यावरच्या शाळेला जूनपासून बाईच नव्हत्या. बसच्या वेळा नुकत्याच बदलल्या, म्हणून सातवीतल्या हिरीने त्या वेळांची वेबसाइट केली आणि बाईंना लिंक पाठवली. ही बस चुकली तर दुसरी थेट संध्याकाळी. आपल्याला ऐकू येतात ते फक्त गुरुजी.

"आल्या, आल्या… हो, हार तयार ठेवा. अगं ऐक ना. बाईंनी तुझी वेबसाइट उघडली. मी मुद्दाम गप्प राहिलो, बोट कुठे अडतं ते बघत…

आधी तुझ्या काकाचा तारपा वाजायला लागला. अख्खा स्टँड वळून बघतोय… वाजवतो छानच गं, पण बंद कुठे करायचा?… मग ती स्वागताची पाटी. ती बंद करायची फुली तांदळाच्या दाण्याएवढी. बाईंनी चारदा दाबली, चारही वेळा शाळेचा फोटो उघडला… हसतेस काय?

हो, हो, गेली एकदाची. पण पांढऱ्यावर पिवळी अक्षरं?… घरात दिसत असतील. इथे उन्हात ये.

आणि ती दोन बटणं, बंदरपट्टी आणि जंगलपट्टी. समुद्राकडची गावं बंदरपट्टी, आतली, आपल्या रानशेतसारखी, जंगलपट्टी, हे तुला ठाऊक, मला ठाऊक. सांगलीच्या माणसाला कसं कळावं?… बरोब्बर. सरळ गावाचं नाव लिहायचं. सुचलं ना तुझं तुलाच?

त्यांनी काय दाबलं? बंदरपट्टी. स्क्रीनवर आली समुद्राकडच्या वरोरची बस. मागे जायला बटण नाही, म्हणून पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तारपा…

थांब. एक बस सुरू झाली… हिरी, रानशेतची कितीची?… वेबसाइटची परीक्षा राहू दे आता, तोंडाने सांग… एक दहा? अगं, एक नऊ झालेत!… बाई, ती कोपऱ्यातली. पळा! अहो कंडक्टर, थांबा, शाळेच्या बाई आहेत…

चढल्या. हिरी, चढल्या गं. खिडकीतून हात करतायत… रडतेस कशाला वेडे? वेबसाइट वाईट नाही. तुला जे ठाऊक, ते सगळ्यांनाच ठाऊक असं धरून चाललीस, एवढंच. नवख्या माणसाच्या हातात द्यायची, आणि आपण… हॅलो? हॅलो?…"

रेंज गेली. तिकडे पाड्यावर पोरं हार घेऊन रस्त्याकडे धावली. हिरी मात्र शाळेच्या पायरीवर बसून राहिली, मोबाइलमध्ये मान खाली घालून, बसचा हॉर्न ऐकू येईपर्यंत.

बाई उतरल्या. सगळ्यांनी हार पुढे केला. हिरीने मोबाइल पुढे केला, जंगलपट्टीच्या बटणावर आता 'रानशेत' लिहिलेलं, आणि दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड घट्ट दाबून, बाईंचं बोट कुठे जातं ते बघत उभी राहिली.