ग्राउंड धरून दहा

...आणि वर विचारतात, "म्हणजे गोदामच ना?" तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं झाली मला मिशिगनमध्ये, पण आमच्या नोव्हाय गावातल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक पॉटलक जेवणाला कुणीतरी काका हातात मसालेभाताची प्लेट घेऊन येतात आणि विचारतात, "दिगंबरराव, आपण करता काय?" हाय-बे वेअरहाउस डिझाइन करतो. "म्हणजे गोदामच ना?" हो काका, गोदामच. शंभर फूट उंच, आत माणूस नाही, दिवा नाही, नुसत्या क्रेन पळतात आणि मालानं भरलेली पॅलेट उचलून कप्प्यात ठेवतात. त्याला वेगळे खांबसुद्धा नसतात हो, माल ठेवायच्या रॅक असतात ना, त्याच भिंती धरतात, त्याच छप्पर धरतात. रॅक चुकली की अख्खी बिल्डिंग चुकली.

तर आमच्या केचपवाल्या कस्टमरचा मेल आला. टेन लेव्हल्स. दहा कप्पे. आता तुम्ही कसे मोजाल? खाली ग्राउंड, मग पहिला, दुसरा, तिसरा... बरोबर? मीही तसेच मोजले. चिंचवडला आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो, जिने तीन चढायचो, ग्राउंडला कधी कुणी पहिला मजला म्हटलंय? इथे म्हणतात. मला माहीत नाही का? रोज लिफ्टमध्ये खाली यायला एक नंबरचं बटन दाबतो यार... पण बोटाला कळलेलं डोक्याला कळायला नको?

बरं, चेक कुणी केलं? गुरुदत्तनं. ऑफिसातला दुसरा मराठी माणूस, नागपूरचा. बोट ठेवून मोजलं बिचाऱ्यानं, "ग्राउंड, अन् वर दहा. बरोबर आहे ना भाऊ, टेन्शन कायले घेता?" आणि ठोकली सही. झाले अकरा. स्टील मिळायला महिने लागतात म्हणून बांधकामाच्या परमिटच्या आधीच ऑर्डर गेली, सगळं अकरा कप्प्यांच्या मापानं कापूनही झालं.

मग ड्रॉइंग गेलं टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीच्या, ऑफिसात. तिथे शंभर फुटांच्या वर काही बांधू देत नाहीत. खिडकीत एक बाई, सत्तरीच्या, गळ्यात दोरीचा चष्मा. पेन्सिल टेकवून मोजायला लागल्या, "वन, टू, थ्री..." मला वाटलं दहावर थांबतील. थांबल्याच नाहीत. "इलेव्हन, हनी." नऊ फूट जास्त, परमिट नाही. वर माझी समजूत घालतात, "एवढं काय मनाला लावून घेतोस, गोदामच तर आहे."

कापलेलं स्टील कुणी परत घेत नाही. नोकरी गेली, असं धरूनच मी घरी आलो. सुवर्णाला सांगितलं, तर बायको म्हणते, "गोदामच ना? मग वरचा कप्पा काढून टाका की." अगं, ते काय आपल्या स्वयंपाकघरातलं फडताळ आहे? आमची रुही इथेच जन्मलेली, तिनं फोनमधून डोकंही वर काढलं नाही, "बाबा, इट्स लिटरली काउंटिंग." खरं सांगतो, लाज वाटली हो. भिंतीवर इंजिनिअरचं लायसन्स फ्रेम करून लावलंय, आणि दहा मोजता आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॉसनं बोलावलं. रिक नाव त्याचं. 'दिगंबर' त्याच्या जिभेला वळत नाही, म्हणून त्यानं माझं 'डिग' करून टाकलंय. मी समोर बसलो, टेबलावरचं सामान कुठल्या खोक्यात मावेल त्याचा हिशेब करत. तो ड्रॉइंगमध्ये डोकं घालून म्हणाला, "डिग." मी म्हटलं, "येस, रिक?" पुन्हा, "डिग." मी पुन्हा, "येस?" असं तीनदा झालं. मग त्यानं शांतपणे मान वर केली, "तुला हाक नाही मारत मी. खण म्हणतोय, खण. वर जाता येत नाही ना, मग नऊ फूट खाली जा."

वाचली नोकरी. आता रोज सकाळी तीन स्वेटर घालून त्या खड्ड्याच्या काठावर उभा असतो. साइटवर कुणीही "डिग" म्हणून ओरडलं, की मशीनवाला खणायला लागतो... आणि मी ओ देतो.