ठळक अक्षरातली एक ओळ

जबाब

मी, कामावरचे नाव 'टायपिंग आत्या', वय ५३ वर्षे, धंदा घरबसल्या ऑनलाइन टायपिंग, त्यापूर्वी छापखान्यात एकवीस वर्षे अक्षरजुळणी, राहणार भावाच्या घरी, दुसरा मजला, जिन्याला लागून असलेली खोली, आज रोजी सकाळी ९.४० वाजता आपणहून ठाण्यात हजर राहून, समक्ष विचारल्यावरून सांगते की,

मी वरील ठिकाणी भाऊ, वहिनी व भाची यांच्यासह राहते. लग्न केलेले नाही. छापखाना दीड वर्षापूर्वी बंद पडला. त्यानंतर काही महिने मी घरात बसून होते. वहिनी मला एका शब्दाने कधी बोलली नाही. उलट दुपारी मी पडलेली असले तर ती माझ्या खोलीवरून जाताना चपला हातात घेऊन जाई. त्यामुळे मला जास्तच अवघडल्यासारखे होई.

शेवटी भाचीने ऑनलाइन कामे मिळतात अशा एका संकेतस्थळावर माझे नाव घातले. भाची कॉलेजात आहे. ती स्वतः याच पद्धतीने चित्रे काढून देते. "आत्या, तुझी बोटं बघितली तर मशीन लाजेल," असे ती म्हणाली. 'टायपिंग आत्या' हे नाव तिनेच ठेवले. फोटोसाठी तिने मला खिडकीत उभे करून सतरा फोटो काढले. त्यातला एक बरा आला.

जबाब टाइप करणारे हवालदार यांनी इथे मध्येच विचारले की त्यांच्या पत्नीलाही असे काम सुरू करायचे आहे, तर नवख्या माणसाने काय करावे. फौजदार साहेब म्हणाले, "घ्या, तेही घ्या." त्यावरून सांगते की, एकदम दहा कामांवर उडी मारू नये. जे काम झोपेतही जमते तेवढेच आपल्या माहितीत लिहावे, फुशारकी मारू नये. पहिले काम मिळेपर्यंत धीर धरावा. मला बत्तीस दिवस लागले. ते बत्तीस दिवस मी रोज आंघोळ करून, केस विंचरून, कामावर निघाल्यासारखी खुर्चीत येऊन बसत होते. गिऱ्हाइकाने काय मागितले आहे ते दोनदा वाचावे. कळले नाही तर विचारावे, विचारल्याने कोणी खात नाही. कबूल केलेल्या वेळेच्या तासभर आधी काम द्यावे. नमुना मागणाऱ्याला एक पान करून द्यावे, अख्खे पुस्तक देऊ नये. बोलणे संकेतस्थळावरच ठेवावे. गिऱ्हाइकात जीव गुंतवू नये. आणि ऐकून टाइप करताना एखादा शब्द ऐकू आला नाही तर तिथे 'अस्पष्ट' लिहून मिनिट-सेकंद टाकावे, पदरचे काही घालू नये. हा शेवटचा नियम भाचीने कागदावर लिहून माझ्या टेबलासमोर भिंतीला चिकटवला आहे. तो आज सकाळीही तिथेच होता.

माझे पहिले गिऱ्हाईक म्हणजेच आज सकाळपासून बेपत्ता असलेले आजोबा. ते सेवानिवृत्त भूमापक आहेत. जन्मभर त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या. त्यांची मागणी अशी होती: "रोज पहाटे जाग आल्यावर मी पडलेलं स्वप्न बोलून ठेवीन. ते जसेच्या तसे टाइप करून द्यावे. डोळे अधू आहेत, अक्षर मोठे हवे. माझी पत्नी दोन वर्षांपूर्वी गेली. ती स्वप्नात आली तर तेवढा भाग ठळक करावा." या कामासाठी माझ्याखेरीज कोणीही अर्ज केला नव्हता.

त्यांचे बोलणे पाच-सहा मिनिटांचे असे. आवाज जड, अर्धा झोपेतला. धंद्याची सवय जात नाही, त्यामुळे स्वप्नातही त्यांची मापे असत. उदाहरणार्थ, एका स्वप्नात ते एक घर मोजत होते आणि दर वेळी टेप परत गुंडाळली की घर एक फुटाने वाढलेले असे. घरमालक दारात उभा राहून म्हणत होता, "सावकाश मोजा, आम्हाला घाई नाही." एकात मोठे मैदान होते आणि जमिनीऐवजी पाणी होते, पण टेप पाण्यावर सपाट राहत होती व त्यांना त्याचे आश्चर्य वाटत नव्हते. एकात त्यांनी बारा फूट बाय दहा फुटांची खोली उघडली तर ती छतापर्यंत शेवरीच्या कापसाने भरलेली होती आणि कापसाच्या पलीकडे कोणीतरी नळ बंद केला.

तो नळ बंद करणारी त्यांची पत्नी होती. ती नेहमी शेजारच्या खोलीत असे, समोर कधीच येत नसे. कधी भांडी लावत असे, कधी कपाटाचे दार लोटत असे, एकदा नुसती खोकली. ते दार उघडत आणि खोली रिकामी निघे, नाहीतर जाग येई. एक्क्याऐंशी दिवस मी काम केले. एक्क्याऐंशी दिवसांत ठळक करण्यासारखा एक शब्दही निघाला नाही.

साहेबांनी थोडक्यात सांगण्यास सांगितले. मी थोडक्यातच सांगत आहे. हवालदार एका बोटाने टाइप करतात म्हणून वेळ लागतो आहे. मी टाइप करून देऊ का, असे विचारले असता स्वतःचा जबाब स्वतः टाइप करता येत नाही, असे मला सांगण्यात आले.

मी रोज दहा वाजता कामाला बसत असे. तेव्हा खिडकीतले ऊन टेबलाच्या निम्म्यापर्यंत आलेले असते. कानाला हेडफोन लावला की घरातले आवाज बंद होत आणि दुसऱ्याच घरातले सुरू होत. मला स्वतःला स्वप्ने पडत नाहीत, पडत असली तर सकाळी आठवत नाहीत. पण या दिवसांत भाजी निवडताना, जिना उतरताना मला त्यांची स्वप्ने आठवत. आमच्या स्वयंपाकघरातली जमीनही पाणी होऊन सपाट पसरली आहे असे वाटे आणि मला बरे वाटे. एकदा वहिनीने हाक मारली तेव्हा मी शेजारच्या खोलीचे दार उघडून बघितले होते. तिथे कोणी नव्हते. वहिनी माझ्या मागेच उभी होती.

आजोबा याच गावात राहतात हे मला कसे कळले, असे विचारल्यावरून सांगते की, त्यांच्या बोलण्यात मागे बोटीचा भोंगा ऐकू येई. दोन छोटे आणि एक लांब. जुन्या धक्क्यावरून पहिली बोट साडेसहाला सुटते व तिचा चालक असाच भोंगा वाजवतो. दुसऱ्या कोणत्याही बोटीला ही सवय नाही. तो भोंगा मी रोज सकाळी अंथरुणात ऐकते. म्हणजे आम्ही दोघे तो एकाच वेळी ऐकत होतो. हे मी त्यांना कळवले नाही, कारण जीव गुंतवू नये असा नियम आहे.

परवा ब्याऐंशीवे स्वप्न आले. त्यात ते म्हणाले, "लांबच लांब फरसबंदी होती. मापली नाही. कडेला पाणी. आणि ती..." यानंतर त्यांना परत झोप लागली. पुढे चाळीस सेकंद घोरणे आहे. घोरण्यात भोंगा आहे. तो भाग मी अकरा वेळा ऐकला. 'ती' हा शब्द स्पष्ट आहे. नंतर एकही शब्द नाही.

मी 'अस्पष्ट' असे लिहून मिनिट-सेकंद टाकले. मग ते पुसले आणि त्या जागी ठळक अक्षरात पुढील ओळ टाइप केली: "ती जुन्या धक्क्यावर तिसऱ्या बाकावर बसली होती. म्हणाली, पहिल्या बोटीच्या वेळेला या, मी इथेच आहे." काम वेळेच्या तासभर आधी पाठवले.

जागा भरली नाही तर शेरा वाईट मिळेल म्हणून असे केले, असे मी भाचीला सांगितले होते. ते खोटे आहे. एक्क्याऐंशी दिवस एक माणूस दारे उघडतो आणि त्याला कोणी भेटत नाही, हे मला सोसवले नाही. माझी चूक झाली हे मला त्याच वेळी कळत होते.

तिसराच बाक का, असे साहेबांनी विचारले. त्या बाकाची पाठ शाबूत आहे, निदान तेव्हा होती. सव्वीस वर्षांपूर्वी मी त्या बाकावर पहिल्या बोटीपासून शेवटच्या बोटीपर्यंत बसले होते. त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

काम मिळाले की आजोबा रोज "मिळाले, आभारी" एवढे लिहीत. परवा काहीच लिहिले नाही. काल नवे स्वप्नही आले नाही. आज सकाळी सव्वाआठला त्यांच्याच फोनवरून निरोप आला: "मी त्यांची मुलगी. मी उठल्यापासून बाबा घरी नाहीत. डोळ्यांना नीट दिसत नाही, आठची हृदयाची गोळी तशीच आहे, फोन उशीखाली आहे. तुमच्याशी काही बोलले होते का?" खाली तिने आपला नंबर दिला होता, परंतु संकेतस्थळ नंबराच्या जागी फुल्या टाकते. तो निरोप मी सव्वानऊला वाचला व तत्काळ "जुन्या धक्क्यावर बघा" असे लिहून पाठवले. ते वाचले गेले नाही. मुलगी फोन घरीच टाकून गल्लोगल्ली शोधत होती हे नंतर कळले.

मी भाचीला सगळे खरे सांगितले. ती रागावेल असे वाटले होते. ती म्हणाली, "आत्या, आधी पळ. नियम-बियम मरू देत." जुन्या धक्क्याला कठडा नाही. पाणी काठापर्यंत असते आणि फरशी निसरडी आहे. हे मला माहीत असूनही मी त्यांना तिथे बोलावले होते, किंबहुना त्यांच्या पत्नीच्या तोंडून बोलावले होते. मी तशीच घरच्या साडीवर निघाले.

धक्क्यावर स्वतः का गेले नाही, असे विचारल्यावरून सांगते की, मी निघाले होते तिकडेच. आपले ठाणे धक्क्याच्या अलीकडे आहे. कोपऱ्यावरून पाणी दिसू लागले तसे माझे पाय पुढे पडेनात. सव्वीस वर्षे मी तो रस्ता टाळला आहे. म्हणून मी आत आले आणि पहिले वाक्य बोलले ते हे की, साहेब, जुन्या धक्क्यावर एक म्हातारे गृहस्थ असतील, आधी कोणाला तरी पाठवा, मग मला काय ते विचारा. नऊ वाजता मुलगी तक्रार देऊन गेली होती, वर्णन जुळले. साहेबांनी लगेच शिपायाला मोटारसायकलवरून पाठवले.

जबाब इथपर्यंत झाला असता, १०.२० वाजता शिपायाचा फोन आला. हवालदारांचे बोट थांबले. मला पाणी देण्यात आले. शिपाई म्हणाला की आजोबा सुखरूप आहेत, तिसऱ्या बाकावर बसले आहेत आणि बराच वेळ समजावूनही उठायला तयार नाहीत.

१०.४५ वाजता त्यांना ठाण्यात आणले. मी त्यांना प्रथमच पाहिले. अंगात इस्त्रीचा शर्ट होता, बुटांना पॉलिश होते, भांग नीट पाडलेला होता. पाठोपाठ मुलगी आली. तिने आधी गोळी दिली आणि मग रडू आवरत म्हणाली, "बाबा, सांगून जाता येत नाही? जीव नुसता टांगणीला लावलात." ते म्हणाले, "तू जाऊ दिलं नसतंस."

मी उठून उभी राहिले आणि त्यांना सांगितले की टायपिंग आत्या मीच, ती ओळ मी घातली, तुमची पत्नी स्वप्नात आलेली नव्हती, मला क्षमा करा.

ते म्हणाले, "ठाऊक आहे मला. डोळे गेलेत, कान शाबूत आहेत. काल दिवसभर मी परत परत लावून ऐकलं, नुसता घोरतोय. आणि आमची ही पाण्याला भ्यायची. जन्मात कधी धक्क्यावर पाऊल टाकलं नाही तिनं."

साहेबांनी विचारले, "अहो, मग गेलात कशाला?"

ते म्हणाले, "ओळ तिची नाही, माझीही नाही. म्हणजे कुणाची तरी आहेच ना? त्या माणसानं वेळ दिली, जागा दिली, बाकाचा नंबरसुद्धा दिला. इतकं नेमकं मला आजवर कुणी बोलावलं नव्हतं."

मग ते माझ्याकडे वळले. त्यांना माझा चेहरा नीट दिसत नसावा, कारण ते माझ्या खांद्याच्या जरा बाजूला बघत होते. आवाज मात्र रोज माझ्या कानात असतो तोच होता. ते म्हणाले, "आठ बोटी गेल्या, बाई. प्रत्येक बोटीतून उतरणारी बायामाणसं बघितली, प्रत्येकीच्या पावलांचा आवाज ऐकला. बोलावलंत, मग आला का नाहीत?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. सव्वीस वर्षे हाच प्रश्न मला कोणाला तरी विचारायचा होता आणि तो मला विचारला जाईल असे कधी मनातही आले नव्हते. मी त्यांना उत्तर दिले. ते उत्तर जबाबात घेऊ नये अशी मी विनंती केली व साहेबांनी ती मान्य केली.

मुलीची माझ्याविरुद्ध काही तक्रार नाही, असे तिने समक्ष सांगितले आहे.

येणेप्रमाणे माझा जबाब हवालदारांनी मोठ्याने वाचला, मी लक्ष देऊन ऐकला. तो मी बोलले तसाच आहे. जिथे मी गप्प राहिले तिथे गप्पच ठेवला आहे, पदरचा शब्द कोणी घातलेला नाही. बरोबर आहे म्हणून सही करते.