ओवाळायची जागा

आजच्या सभेचे अध्यक्ष बापूसाहेब, व्यासपीठावरील पाहुणे, अकोल्याहून मुद्दाम आलेले कारखानदार मित्र, आणि जिला निरोप द्यायला माझं मन धजत नाही ती आमची इंजिनिअर प्रियदर्शनीताई,

टेबलावर हा तुटका हुक ठेवला आहे. याची खरी किंमत सांगू? थोडी धातूची भुकटी, दिवसभराची वीज आणि आरतीचं एक ताट. ताटाच्या जागी कोण असतं, ते पुढे सांगतो.

अकोटच्या जिनिंगमध्ये वेल्डिंग करत मी वर आलो. टिचकी मारून लोखंडाच्या पोटातला दोष सांगणारा वऱ्हाडात हा खुशालराव एकटाच, असं लोक म्हणतात. मीही म्हणतो. पुढे अमरावतीत भुकटीचे पातळ थर लेसरनं वितळवून वस्तू घडवणारं यंत्र आणलं. त्यावरच्या पहिल्याच हुकाला कापसाची अख्खी, पावणेदोनशे किलोची गाठ टांगली. आमच्या सौभाग्यवती आशाबाईंनी गाठीखाली उभं राहून ओवाळायचं, हे मीच ठरवलं. मालाची खात्री लोकांना दिसायला नको का?

ताई म्हणाल्या, हुकाचा एक्स-रे झालेला नाही. मी म्हटलं, मुहूर्त टळून राहिला. माझ्याशी वाद न घालता त्यांनी सरळ आशाबाईंचा दंड धरला.

“काकू, ताट ठेवा अन् इकडे या.”

“काहून वं? पूजा अर्धी सोडू?”

“अर्धी साहेबायले करू द्या.”

लोक हसले, आशाबाई ताट तिथेच ठेवून बाजूला झाल्या. मीही हसत ताटाकडे पाऊल उचललं, आणि हुक तुटला. गाठीखालून काढलेलं ताट पत्र्यासारखं सपाट झालं होतं.

तुटलेल्या जागी बारीक भोकं होती, ओळीनं. लेसरचा जोर जास्त झाला की वितळलेल्या धातूत खोल, अरुंद खड्डा पडतो. त्याच्या भिंती मध्येच मिटल्या की तळाशी बुडबुडा अडकतो. तो पातळ धातूबरोबर वाहत जातो. वर पोचला तर सुटला. त्याआधी धातू गोठला, तर जन्मभर आत. पापणी लवायच्या आत हा निकाल लागतो, आणि वरून काही दिसत नाही.

तेव्हापासून मी छताच्या पंख्याखालीही बसत नाही. उद्या ताई बंगळुरूला निघाल्या. आता मालकाच्या बायकोचा दंड धरायची हिंमत कोण करणार, या विचारानं माझी झोप उडाली आहे.

आशाबाई समोर बसल्या आहेत, ताई. एवढ्यातच माझे आभार समजून घ्या. तुम्ही सर्वांनी ऐकून घेतलंत, ऋणी आहे. बोलण्यात अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला.

एक सांगायचं राहिलं. त्या सकाळी या हुकावर मी टिचकी मारली होती. आवाज खणखणीत आला होता.