लाल दिव्यावरची टिकली

तुम्ही हसा खुशाल, पण गाडीचा लाल दिवा विझत नसला की मी हातातला चहा ठेवून उठतो. ते महादेवामुळं.

महादेव माझा मित्र. लग्नात दुधनीच्या सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, त्याला मोटारसायकल दिली. थोड्याच दिवसांत गाडी चालू असतानाही तिचा मीटरमधला लाल दिवा जळत राहायला लागला. मी बघून सांगितलं, "डायनामो बॅटरी भरत न्हाय. रस्त्यात हेडलाइट जाईल बघ. सात रस्त्याच्या मिस्त्रीला दाखव."

"त्या मिस्त्रीनंच मामांना गाडी निवडून दिलीया," तो म्हणाला. "जावयानं गाडीत खोट काढली, असं त्यांच्या कानावर जाईल की. उद्या जेवायला यायलेत. ते जाऊ देत, मग बघू."

दुसऱ्या दिवशी मामांनी गाडीवरून चक्कर मारली, लई खूश झाले. दिवा दिसतच नव्हता. महादेवानं बायकोची, म्हणजे आमच्या वहिनीची, टिकली त्यावर चिकटवली होती. दिवा दिसेना, तसा तोही विसरला.

मग एका संध्याकाळी अक्कलकोट रस्त्यावर अंधार पडता पडता हेडलाइट गेला. महादेव उभ्या ट्रकवर आदळला, जागेवरच संपला.

दहाव्याच्या दिवशी मामा आले. वाकडी झालेली गाडी अंगणातच होती. त्यांनी नखानं टिकली खरवडली आणि विचारलं, "हितं ही कुणी लावली?"

वहिनी दारात उभी होती. तिचं कपाळ मोकळं होतं.

"त्यांनीच लावली, अप्पा," ती म्हणाली. "तुमाला वाईट वाटू नये म्हणून."